मागे राहिलेल्या बाईची पात

माय,

आज ऑफिसात एकटीनं डबा खाल्ला आणि तुझं निंदण आठवलं. सुट्टीत तू मला साखरखेर्ड्याच्या वावरात संगं न्यायचीस. बाया ओळीनं बसायच्या, जिनं तिनं आपली पात धरायची, म्हणजे आपल्या वाट्याचा पट्टा, आणि विळ्याबरोबर तोंडंही चालायची. सासू, नणद, कुणाचं फिसकटलेलं लग्न, सगळं निघायचं. माझे हात तरणे. एकदा मी सपासप निंदत धुऱ्याला, वावराच्या कडेला, पोचते आणि ऐटीत मागे बघते, तर तू तिकडून ओरडतेस, "एकटी तिथं काय करून राह्यली वं? मांगं ये. काकूची पात धर." काकूचे गुडघे धरलेले असायचे. तिच्या पातीतलं गवत दोन्हीकडच्या बाया न बोलता काढून टाकायच्या. मालक यायचा, विचारायचा, "कोण मांगं राह्यलं?" तर सगळ्या एका रेषेत. तू पदराआड हसून म्हणायचीस, "आमच्यात मांगं कोणी राहत नाही, भाऊ." ते दिवस मला फार हवेसे वाटतात.

इथं बुलढाण्यात, आमच्या कर्ज देणाऱ्या कंपनीत, साहेब दर तीन महिन्यांनी मोबाइलवर यादी टाकतात. कर्जं देण्यात पहिला कोण, शेवटचा कोण. लागोपाठ दोनदा शेवटी आलं की घरी. यादी सुरू झाली तशा आमच्या जिभाच आखडल्या. कुणी कुणाला आपलं गिऱ्हाईक सांगत नाही. शेजारच्या टेबलावरच्या ताईनं मला हे काम शिकवलं. लेकरू आजारी होतं म्हणून मागच्या यादीत ती शेवटी गेली, आणि याही वेळी तीच जाणार असं दिसत होतं. मी माझ्या दोन गिऱ्हाइकांचे कागद तिच्यापुढे ठेवले. म्हटलं, यांचं काम तुम्ही करा.

तिनं कागद उलटून पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं.

"मले काऊन देऊन राह्यली? हप्ते बुडवणारे आहेत का हे?"

"नाही हो ताई, चांगली माणसं आहेत."

"मंग तूच ठेव."

मला तिचा असा राग आला. म्हटलं, भल्याची दुनियाच नाही. परवा तिचं टेबल रिकामं झालं. तू असतीस तर म्हणाली असतीस, उठ, तिच्या घरी जा. अजून गेले नाही. हे पत्रही कुठं टाकू, पिशवीतच राहील. पण तुझ्याशी खोटं बोलवत नाही, माय. तिच्या जागी मी असते, तर मीही ते कागद घेतले नसते.