दुखलं तर हात वर करा

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (सध्या वाकलं की गाल ठणकतो, तेव्हा उभ्यानेच केला असं समज.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला, की अजूनही फक्त पाहुणे आले की येतो? आमच्याकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. परवा फोनवर तू विचारलंस, तोंडात बटाटा कोंबून बोलतोयस का. बटाटा नव्हे, ताई, अक्कलदाढ. दातांच्या डॉक्टरचीच अक्कलदाढ आडवी आली आहे आणि ती काढण्यावाचून गत्यंतर नाही. आपली आपल्याला काढता येत नाही, आणि जवळपास दातांचा दुसरा दवाखाना एकच, तोही आमच्या बरोबर समोर. तिथे जायचं मी का टाळतोय, ते कळायला थोडं मागून सांगावं लागेल.

माझ्या हाताबद्दल तुला ठाऊकच आहे. मी भरलेली दाढ पुन्हा दुखलेली कुणी दाखवावी. माझा खाक्या साधा: माणसाने खुर्चीत बसावं, तोंड उघडावं, मी काम करावं, त्याने चूळ भरून घरी जावं. सुरुवातीला मी ‘दुखलं तर हात वर करा’ म्हणतो, कारण आम्हाला तसं म्हणायला शिकवलेलं असतं. (हात वर झाला की थांबायचंही असतं, असं काही मी मनावर घेतलं नव्हतं. थांबलं की काम लांबतं, लांबलं की जास्त दुखतं, म्हणजे न थांबणं हीच खरी दया, असं माझं शास्त्र. पेशंटचा वर आलेला हात कोपराने अलगद खाली दाबायची माझी लकब तर बघण्यासारखी आहे.) असं सगळं सुरळीत चाललेलं असताना समोर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दवाखाना थाटला, आणि बघता बघता आमच्या बाहेरच्या बाकावर नुसता पंख्याचा वारा बसायला लागला. माझे जुने पेशंट रस्ता ओलांडताना तोंडावर रुमाल धरायचे. मला वाटायचं, दाढ दुखत असेल. मी ओळखू नये म्हणून धरायचे, हे मला तुझ्या भावजयीने सांगितलं.

ही काउंटरवर बसते, त्यामुळे हिला रिकामा बाक माझ्याहून जास्त दिसतो. एका संध्याकाळी चहाचा कप पुढ्यात आदळून ती म्हणाली, “तुम्हाला माणसं दाढांवरून ओळखू येतात. काल शेजारच्या काकांना तोंड उघडेपर्यंत ओळखलं नाहीत तुम्ही.” हे खरं आहे, पण त्यांनी चष्मा बदलला होता. ते काही असो, दुसऱ्या दिवसापासून हिच्या हुकुमाने आमच्याकडे पेशंटवर माया सुरू झाली. मी आरशासमोर उभा राहून मान किंचित कलती करायची, भुवया वर न्यायच्या आणि ‘कसं वाटतंय?’ असं मऊ आवाजात म्हणायचं. (ही म्हणाली, मऊ म्हणजे खालच्या पट्टीत नव्हे, तुम्ही धमकी देताय असं वाटतं.)

पहिला सापडला बेकरीवाला. मी मान कलती केली, त्याच्या तोंडातला कापूस काढला आणि कसं वाटतंय ते विचारलं. ताई, हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नसावा. भट्टी कशी जुनी झाली, सख्खा भाऊ भागीदार असून कसा बोलत नाही, मेव्हणीने घर कसं ताब्यात घेतलं, सगळं बाहेर आलं, आणि मग त्याचे डोळे भरून आले. दारातून ही खुणा करत होती म्हणून मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हातमोज्याला दात भरायचा मसाला होता, तेव्हा सदऱ्यावर माझा पंजा उमटला तो कायमचाच. दुपार झाली. दाढ होती तिथेच राहिली, पण माणूस असा खूश होऊन गेला की त्याने बाजारभर माझी कीर्ती केली. दुसऱ्या दिवशी बाक गच्च भरलेला! हिला तर काय आनंद. आणि आत आलेल्यांपैकी एकाचा दात दुखत असेल तर शपथ. एका गृहस्थांना जावयाबद्दल सल्ला हवा होता, त्यांनी केवळ भिडेखातर तोंड उघडून दाखवलं.

मग आल्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना मी आधीच सांगून टाकलं की आता आपण हात वर झाला की थांबणार. हे शब्द माझ्या तोंडून गेले आणि मी फसलो. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं आहे, म्हणून हात वर. दिवा डोळ्यांवर येतो, म्हणून हात वर. माझ्या कोटाचं बटण लोंबतंय, म्हणून हात वर. मी मात्र मान कलती, भुवया वर, हसू कायम, असा नेटाने उभा. शेवटी त्यांनी पुन्हा हात वर केला, माझ्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, “तुमचंच काही दुखतंय का हो?” हसण्यावारी नेणार होतो, पण दुखत होतंच. सकाळपासून ही दाढ ठणकत होती आणि मी कुणाला बोललो नव्हतो. अगदी हिलासुद्धा. बाईंनी एका नजरेत ओळखलं. तपासणारा मी होतो, हे लक्षात घे.

तर असा मी रस्ता ओलांडून समोर गेलो. (रुमाल धरला होता. खरोखरच दुखत होतं.) बाहेरच्या खोलीत माझेच सगळे जुने पेशंट बसलेले. कुणी हसलं नाही, उलट सरकून जागा दिली, ते जास्त लागलं. आत खुर्चीत बसलो आणि घाम फुटला. मला प्रत्येक हत्यार नावानिशी ठाऊक, तीच तर पंचाईत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुखलं तर हात वर करा. मी मनात म्हटलं, म्हणा, आपल्यात म्हणायची पद्धतच आहे. त्यांनी नुसता तो छोटा आरसा ओठांजवळ आणला आणि माझा हात वर गेला. मी केला नाही, ताई, तो गेला. आता कोपर येणार म्हणून मी डोळे मिटले. कोपर आलं नाही. डोळे उघडून बघतो तर आरसा ट्रेमध्ये, आणि बाई शांत बसलेल्या. मान कलती नाही, खांद्यावर हात नाही, कसं वाटतंय नाही. नुसत्या थांबल्या होत्या, जसं काही बाहेर कुणी ताटकळत नाहीच. मला एकदम रडू आलं. एवढा मोठा घोडा मी, पण आलं. मग दवाखान्यात हत्यारं उकळत ठेवली आहेत असं काहीतरी पुटपुटून मी उठलो आणि गळ्यात त्यांचं लाळेरं तसंच अडकवून भर रस्त्यातून घरी आलो. ते धुऊन आमच्या दोरीवर वाळत घातलं आहे. परत कोण नेऊन देणार, यावर घरात बोलणी चालू आहेत.

त्यानंतर बेकरीवाला राहिलेली दाढ घेऊन आला. मी काही विचारलं नाही. हात वर करा म्हटलं, त्याने केला, मी थांबलो. थांबल्यावर कुठे बघायचं ते कळेना, म्हणून त्याच्याकडे बघितलं. त्याची एक भुवई पांढरी आहे. इतकी वर्षं हा माणूस माझ्याकडे येतो आणि मला त्याची भुवई आत्ता दिसली. त्याने हात खाली घेतला, मी काम पुढे नेलं. असं आणखी दोनदा झालं. जाताना त्याने कीर्ती वगैरे केली नाही, फक्त हिला म्हणाला, पुढच्या वेळी आईला घेऊन येतो, ती फार घाबरते. मला फार बरं वाटलं. इतक्या जणांचे हात मी खाली दाबले, याची लाजही वाटली.

भावोजींना नमस्कार सांग. गुडघ्यांना जप.

तुझा,
धाकटा

ता. क. मी अगदी साधुसंत झालो असं समजू नकोस. काल सवयीने शेजारच्या काकांचा हात दाबलाच. काउंटरवर येऊन त्यांनी तक्रार केली, आणि मग घरी माझा हात दाबला गेला.

ता. क. दुसरा. हे पत्र मुळात लिहायला घेतलं ते या कारणासाठी. माझी दाढ शुक्रवारी काढायची ठरली आहे. या वेळी पळालात तर बाहेरून कडी घालीन, असं ही म्हणते. आत सोबत येशील का विचारलं, तर म्हणते, येईन, पण मला हसू आवरणार नाही.

ता. क. तिसरा. गुरुवारी येशील का गं? जिने नाहीत, गुडघ्यांना त्रास होणार नाही. भावोजींना सांग, दात दाखवायला चालले आहे. घरचं एक माणूस जवळ उभं राहिलेलं चालतं, मी चौकशी केली आहे (एका पेशंटसाठी म्हणून). लहानपणी मला लस टोचताना धरला होतास, तसा हात धर. मात्र डावाच धर. उजवा मला वर करायला मोकळा लागेल.