वीस किलोची चार वजने

१ मार्च २०१६, मंगळवार

चाळीस किलो. पाच वेळा, तीन फेऱ्या. महिन्यापूर्वी एवढ्या वजनाची मी वहीत नोंदही करत नव्हते.

डॉक्टरांच्या मते मांडीच्या मागच्या स्नायूला ‘किरकोळ ताण’. किरकोळ! शंभर किलोचा दांडा जमिनीवरून गुडघ्यापर्यंत आणून सोडून द्यावा लागणे ज्याने अनुभवले नाही, त्यानेच हा शब्द वापरावा. वजन उचलण्याची राज्य स्पर्धा आठ मे रोजी आहे. चाळिशीपुढील महिलांच्या गटात जिल्ह्यातून मी एकटी. डेडलिफ्टमध्ये शंभर जमत नसतील तर तिथे जाणे म्हणजे हसे करून घेणे.

४ मार्च

पन्नास. वेदना नाही, विश्वासही नाही.

आमची व्यायामशाळा म्हणजे बंद पडलेल्या कापूस खरेदी सोसायटीचे गोदाम. रहमतुल्लाभाई दिवसभर वेल्डिंग करतात आणि सकाळी सहा ते आठ ही शाळा चालवतात. दुष्काळामुळे बाहेरच्या पटांगणात जानेवारीपासून चारा छावणी आहे. दाराशी बांधलेले बैल माझ्याकडे पाहत असतात – माझ्या वर्गातील विद्यार्थ्यांपेक्षा अधिक एकाग्रतेने. व्यायामानंतर तोंड धुण्यास एक तांब्या पाणी. टँकर परवा येणार म्हणून चार दिवस ऐकते आहे.

९ मार्च

साठ, रहमतुल्लाभाईंच्या चकत्यांवर. सहज.

परंतु या साठाला मी साठ मानत नाही. चकत्या त्यांनी भंगारातील लोखंडापासून स्वतः कातल्या आहेत. वर छिन्नीने ‘१०’ खोदलेले. कशावरून दहा? म्हणूनच जानेवारीत मी गोदामाच्या कोपऱ्यात पडलेली सोसायटीची वीस किलोची चार वजने बाहेर काढायला लावली. त्यांच्या कडीत दांडा ओवता येतो आणि त्यांवर सरकारी मोहोर आहे. रहमतुल्लाभाईंनी एक वजन हातात घेऊन पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि ‘तुमची मर्जी, मॅडम’ एवढेच म्हणाले. कारागिराला अचूकतेचा आग्रह अपमानच वाटतो.

माझे वडील, अण्णा, या सोसायटीचे एकोणीस वर्षे सचिव होते. मी सात वर्षांची असताना त्यांनी मला शिकवले – मोहोर असेल ते वजन, बाकीचा दगड. मी आज पदार्थविज्ञान शिकवते. त्या शास्त्राची सुरुवात माझ्यापुरती त्या वाक्यापासून आहे.

१४ मार्च

साठ, मोहोरेच्या वजनांवर. वीसचा दांडा, दोन्हीकडे वीस-वीस. तिसऱ्या वेळेस मांडीत कळ.

पाच दिवसांपूर्वी हेच साठ सहज गेले होते! म्हणजे दोष स्नायूत नाही, माझ्यात आहे. खरे वजन समोर आले की मी कचरते.

२१ मार्च

पुन्हा साठ. पुन्हा तिसऱ्यालाच.

२७ मार्च

रहमतुल्लाभाई आज बोलले. काही दिवस चकत्यांवरच राहा, म्हणाले. मी त्यांना वही दाखवली. चौदा महिन्यांची नोंद, प्रत्येक किलो, प्रत्येक फेरी. वहीप्रमाणे मी आज ऐंशीवर असायला हवे होते.

‘मॅडम,’ ते म्हणाले, ‘पाय वही वाचत न्हाई.’

मी पाठ फिरवून निघून आले. कोणी समजावू लागले की मला ते दयेसारखे वाटते.

२ एप्रिल

स्पर्धा घेणाऱ्या संघटनेला माघारीचे पत्र लिहिले. चार ओळी, एकही खाडाखोड नाही. एवढे तरी नीट जमते.

प्रबंध पूर्ण करताना, नोकरी मिळवताना, लग्न मोडताना – दरवेळी वाटले की अचूक राहिले तर सारे सावरता येईल. शरीर तरी गणिताप्रमाणे वागेल म्हणून लोखंडाकडे आले. एक्केचाळिसाव्या वर्षी तेही गणित चुकले. महाविद्यालयात सहकारी विचारतात, ‘काय मॅडम, पैलवानकी कशी चाललीय?’ हसून उत्तर देते. यापुढे विचारणार नाहीत. तेच बरे.

पत्र अजून टाकलेले नाही.

६ एप्रिल

छावणीत दोन बैल घेऊन आलेल्या छबुबाई गोदामाच्या सावलीत येऊन बसल्या. मोहोरेच्या वजनावर हात ठेवून म्हणाल्या, ‘हे अजून हाय व्हय? आमचा कापूस यानंच मोजायचे. घरी क्विंटल भरायचा, हितं आला की ब्याण्णव. सायब म्हणायचे, बाई, वाटंत वाळला.’

त्या काळी इथले साहेब म्हणजे अण्णा. बाईंना मी कोण हे ठाऊक नव्हते. मी शांतपणे त्यांना कापसातील आर्द्रता म्हणजे काय ते समजावून सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

‘आठ किलो पानी एका दिसात उडालं?’ त्या म्हणाल्या. ‘एवढं पानी आमच्या कापसात व्हतं, तर हिरीत का म्हून न्हाई?’

रहमतुल्लाभाई हसले नाहीत. ते खाली पाहत होते. मला तेच खटकले.

७ एप्रिल

छावणीत चारा मोजण्यासाठी इलेक्ट्रॉनिक काटा आहे. सकाळी चारही वजने उचलून तिथे नेली.

२१.८. २१.८. २१.७. २१.८.

उलटी केली. तळाशी पांढऱ्या रंगाचा ठिपका. खरवडला तर खाली ओतलेले शिसे. मग चकत्या ठेवल्या. १०.०. १०.०. ९.९. १०.०.

म्हणजे माझे साठ हे साठ नव्हते. फेब्रुवारीत याच चार वजनांनिशी गुडघ्यापर्यंत आलेले ते शंभरही शंभर नव्हते. एकशे सात होते. मी कचरले नव्हते. पायाला वजन बरोबर कळत होते.

रहमतुल्लाभाईंना विचारले – ठाऊक होते? ‘पहिल्या दिशीच कळलं, मॅडम. पर तुमचे वडील हितं सायब व्हते. तुमच्या तोंडावर कसं बोलावं?’

आनंद व्हायला हवा. होत नाही. अण्णांच्या पाठीमागे कोणीतरी हे केले. तोलाईवाल्यांपैकीच कोणी असणार. एकोणीस वर्षे त्यांच्या नाकाखाली! अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हे ऐकून ते खचतील. पण दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावे. रविवारी अण्णांकडे चकलांब्याला जाते. जपून सांगेन.

१० एप्रिल, रविवार

जपून सांगितले. अण्णांनी पुरते ऐकूनही घेतले नाही.

‘तळाला पांढरा ठिपका हाय ना?’

मी हो म्हणाले.

‘खरेदीचा संच तो. तपासनीस आला की दुसरा काढायचो. ठेवून दे जागेवर.’

मग चहाची बशी खाली ठेवून त्यांनी नेहमीच्या कौतुकाने विचारले, ‘किती उचलतीस गं आता?’

घरी येऊन वहीतील ‘शंभर’ खोडले.