खिरापतीच्या डब्यातलं फडकं

कसबा पेठ, पुणे
रविवार, ९ ऑक्टोबर २००५

चि. कौशल्या,

सुनीतीचे आशीर्वाद. सात वर्षांचे साचले आहेत, त्यातले हवे तेवढे घे, बाकीचे राहू देत. आनंद भाऊजींनाही सांग. तुझ्या लेकीला, शेफालीला, काय लिहावं ते मला अजून सुचत नाही, तिचं पुढे लिहिते.

अक्षर ओळखून पाकीट तू बाजूला टाकलं असशील आणि सगळी कामं उरकल्यावर, नाइलाजाने, फोडलं असशील. मीही तेच केलं असतं. जावा आहोत ना शेवटी. मुक्ताईआत्यांकडून तुझा मोबाइल नंबर मिळालाय, पण फोन तू मधेच ठेवला असतास. आणि मला हे मधेच तोडायचं नाही.

इकडे सगळं ठीक. ह्यांनी निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटरच्या क्लासात नाव घातलंय. तो माऊस धरतात तेव्हा श्वास रोखून धरतात, जणू खराच उंदीर आहे. समोरच्या बैठ्या घरांच्या जागी पाच मजली इमारत झाली. सकाळी कंपन्यांच्या बस येतात त्या गल्लीच्या तोंडाशीच थांबतात, आत शिरायची त्यांची छाती होत नाही. माझ्या तोंडाचा पट्टा आहे तसाच आहे, हे तुला सांगायला नकोच.

त्या समोरच्या इमारतीत प्रियदर्शनी म्हणून एक मुलगी राहते. मूळची अमरावतीची, आयटीत आहे. तिचा मुलगा सोनू आठ वर्षांचा आहे. बोलत नाही. दिवसभर गुणगुणतो मात्र, एकच सूर, पंखा चालू असावा तसा. त्याला स्वमग्नता आहे, ऑटिझम म्हणतात ते. हे तिने मला पहिल्याच दिवशी जिन्यात सरळ सांगितलं, आडपडदा न ठेवता. मला आपल्या घरातले दिवस आठवले. आम्ही शेफालीला 'हट्टी आहे' म्हणायचो, डॉक्टर भलतंच काही म्हणायचे, आणि तू गप्प बसून ऐकायचीस.

तर या प्रियदर्शनीने आणि तिच्यासारख्या दहा-बारा आईबापांनी मिळून तालमीमागचा हॉल दर शनिवारी संध्याकाळी मागून घेतलाय. त्यांची मुलं येतात, त्या मुलांची भावंडं येतात, आणि गल्लीतली आपली नेहमीची कार्टीही येतात. सगळे मिळून कधी रांगोळी काढतात, कधी भेळ कालवतात, कधी नुसतेच सतरंजीवर लोळतात. कानाला आवाज सोसत नसेल त्याने कोपऱ्यातल्या पडद्यामागे जाऊन बसावं, वाटेल तेव्हा परत यावं. दार सताड उघडं. तिथे एकच नियम आहे, 'गप बस' म्हणायचं नाही. मी पहिल्या पाच मिनिटांतच म्हटलं. मला पडद्यामागे बसायला पाठवलं, बाई!

मी तिथे गेले कशी? नवरात्र लागायच्या आधी प्रियदर्शनी दारात येऊन म्हणाली, "काकू, तुम्ही भोंडल्याची गाणी म्हणता असं ऐकलं. आमच्या पोरांसाठी म्हणाल?"

मी म्हटलं, "भोंडला मुलींचा असतो."

"आमच्याकडे भुलाबाई पण मुलींचीच असते काकू. पण गोल फिरायला आमच्या पोरांना जेवढं आवडते ना, तेवढं कोणत्याच मुलीला आवडत नसेल."

मी हो म्हटलं.

काल शनिवारी पहिला भोंडला झाला. मध्ये पाट, पाटावर रांगोळीचा हत्ती, त्याला झेंडूच्या पाकळ्या. पश्चिमेच्या खिडकीतून पिवळं ऊन थेट हत्तीच्या पाठीवर आलं होतं. मी नेहमीसारखी खड्या आवाजात सुरुवात केली. एक मूल किंचाळलं, तशी मी आवाज आणखी चढवला. सवय गं. प्रियदर्शनी कानाशी येऊन म्हणाली, "काकू, काहून आवाज चढवून राहिल्या? कुणी ओरडलं की आपण हळू व्हायचं. मग तेही हळू होते."

मग मी हळू गायले. भोंडला इतका हळू मी जन्मात म्हटला नव्हता. सगळ्यांची पावलंही हळू झाली. कुणी फेरात हात धरून, कुणी फेराच्या बाहेरून भिंतीला बोट लावत, एक मुलगी डोळे मिटून जागच्या जागी गिरकी घेणारी. एकजण उलटाच फिरत होता, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या तळव्याला तळवा लावून पुढे सरकत होता. सोनूचा तो एक सूर गाण्याच्या खाली अखंड लागला होता, तंबोऱ्यासारखा. फिरता फिरता मला आपण कितव्या वर्षात आहोत ते कळेना. माझी आई फेरात आहे असं वाटलं, तू आहेस असं वाटलं. एकदा तर निळ्या फ्रॉकचा घेर समोरून गेला. मी गाणं विसरले. फेर थांबला नाही, तसाच बिनगाण्याचा फिरत राहिला.

आज दुपारी डोळा लागला तर परत तोच फेर, तोच निळा फ्रॉक. उठले आणि कागद घेतला.

कारण खिरापतीचं सांगायचं राहिलंय. माझी खिरापत कधी कुणाला ओळखता आली नाही, हा माझा तोरा तुला ठाऊक आहे. सगळ्यांनी डबा हलवायचा, कान लावायचा, आणि गोड की तिखट करत दमायचं. त्यातली मेख आज पहिल्यांदा सांगते. मी डब्यात वरून फडकं कोंबून ठेवायची. आत काही वाजायचंच नाही, मग ओळखणार कसं?

कालही मी फडकं कोंबलं होतं. मुलांसमोर खाण्याच्या पदार्थांची चित्रं मांडलेली. डबा हलवून हव्या त्या चित्रावर हात ठेवायचा. डबा ज्याला जितका वेळ हवा तितका वेळ त्याच्याकडे. सोनूने हलवला, कानाला लावला. परत हलवला. मग त्याने झाकण उघडलं, फडकं ओढून काढलं, मागे भिरकावून दिलं, झाकण नीट दाबून लावलं आणि पुन्हा हलवला. आता वाजला! शंकरपाळे खडाखड वाजले. तो इतका हसला कौशल्या, आणि शंकरपाळ्यांच्या चित्रावर त्याने दोन्ही हात ठेवले. बायका म्हणाल्या, "काकू, पकडली तुमची लबाडी!"

मी ते फडकं उचललं. 

तुला आठवतंय, सात वर्षांपूर्वीचा आपल्या घरचा भोंडला? वाट्या कमी पडल्या म्हणून तू खाली विमलाबाईंकडे गेली होतीस. शेफाली सहा वर्षांची, निळ्या फ्रॉकमधली. तिने डबा उचलला, हलवला, कानाला लावला. मग उघडून फडकं बाहेर काढलं. मला वाटलं, नासधूस करतेय. पंधरा बायकांसमोर माझ्या खिरापतीचं हसं करतेय. मी डबा हिसकला. त्यात चिक्की सांडली, सगळी हत्तीवर. ती सांडली माझ्या हातून. सगळ्यांना मी सांगितलं की पोरीने सांडली.

खरं तर ती फक्त झाकण परत लावायच्या बेतात होती. मी तिला तेवढी सवड दिली नाही. अख्ख्या गल्लीत तो खेळ खरा खेळणारी तेवढी एकच पोर होती.

आता पुढचं. इथपर्यंत तीन पानं लिहिली ती याच्यासाठीच.

मी तिला ओढत मधल्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी लावली.

दार फुगलेलं नव्हतं, कौशल्या. पावसाने दार फुगलं आणि पोरगी आत अडकली, असं मी तुला सांगितलं, ते खोटं. तू वाट्या घेऊन वर आलीस, "शेफाली कुठाय?" विचारलंस, तर मी म्हटलं, "गर्दीला वैतागून आत जाऊन झोपलीय." तू विश्वास ठेवलास. माझ्याशेजारी फेरात उभी राहून गायलीस. आतून धक्के ऐकू येऊ नयेत म्हणून मी आवाज चढवत गेले, आणि तू माझ्या आवाजाला आवाज देत होतीस. चार गाणी झाली, दुसऱ्या डब्यातली खिरापत वाटून झाली. मग मी आधी एकटी गेले, कडी काढली, आणि दार धरून ओढल्याचं नाटक केलं. तू धावत आलीस. शेफाली भिंतीशी बसली होती, कपाळावर टेंगूळ, मुठीत ते फडकं.

तेव्हापासून ती बंद दाराच्या घरात राहीना. तुम्ही लोणी काळभोरला गेलात, तुझ्या नशिबाने भाऊजींना तिथल्या कॉलेजात नोकरी मिळाली. मला वाटलं, सुटले. खोटं कशाला बोलू?

पण मुक्ताईआत्या परवा म्हणाल्या, "कौशल्या पोरीला कुठेच नेत नाही. बारसं नाही, लग्न नाही, गावची जत्रासुद्धा नाही. म्हणते, शेफालीला माणसं सोसत नाहीत, त्या भोंडल्यात पाहिलं ना." मी ते ऐकून घेतलं.  माझ्या एका खोट्यावर तू तिची सात वर्षं बेतलीस. तिला माणसं सोसत नाहीत असं नाही गं. तिला कडी सोसली नाही. माणसांत तर ती सगळ्यांच्या पुढे होती, डबा कानाला लावून.

हे न सांगताही मी तुला बोलावू शकले असते. गोड पत्र लिहिलं असतं, तू कदाचित आलीही असतीस. पण मग तू तिला भीत भीत आणलं असतंस, आणि ती जरा किंचाळली की उचलून परत नेलं असतंस.

कोजागिरीच्या आधीचा शनिवार, पंधरा तारीख, संध्याकाळी पाच. तालमीमागचा हॉल. भाऊजींना म्हणावं, रिक्षा गल्लीपर्यंत येते. तिला आणशील का? फेरात नाही आली तर भिंतीशी उभी राहील, पडद्यामागे बसेल, हत्तीशेजारी झोपेल. कुणी काही म्हणणार नाही. मी तिथे नको असेन तर प्रियदर्शनीला निरोप दे. मी घरीच थांबेन, मनात काही धरणार नाही. गाणी मी दोघीतिघींना शिकवून ठेवली आहेत, हळू म्हणायची.

काल घरी आल्या आल्या मी मधल्या खोलीच्या दाराची कडीच उखडून काढली. ह्यांनी विचारलं, का काढलीस? सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनाही खरं सांगितलं. जेवले नाहीत.

माफ कर असं लिहीत नाही. तो तुझा प्रश्न आहे, आणि उत्तर तू मला द्यायलाच हवंस असं नाही. मला शिव्या दे, पत्र फाड, पण त्याआधी शनिवार लक्षात ठेव.

खिरापत मी करून पाठवीन, मी असले नसले तरी. डब्यात फडकं नसेल. काय आहे ते तुला लिहीत नाही. शेफाली ओळखेल.

जिने कडी लावली ती,
तुझी थोरली जाऊ,
सुनीती