नाकासकट या

ता. ९, रविवार

वन्संना नमस्कार,

पाकीट बघून छातीला हात लावू नका, कोणी गेलेलं नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, ओरडावं लागतं, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही. सूनबाईकडूनही लिहवून घेतलं नाही. म्हणून अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे, तसंच वाचा.

इकडे सगळे मजेत. नातीला दवाखान्यात नोकरी लागली, तेव्हापासून ती घरातही नर्सच असते. तुमचे भाऊ गेल्यापासून मला झोप नाही, म्हणून मी सगळ्यांवर खेकसते, भरल्या ताटावरून उठते, कशात मन लागत नाही, असं तिनं ठरवलं. म्हणाली, "आजी, मन बरं व्हायला हवं तर आधी झोप बरी करू." मग संध्याकाळचा चहा बंद, दुपारची डुलकी बंद, सकाळी उन्हात चालणं, ठरल्या वेळी अंथरूण. फरक पडला, खोटं कशाला बोलू. डोळा लागायचा. पण खोलीत इतकं सामसूम, की लगेच उघडायचा.

मग तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनला आलात, माझ्या खोलीत खाट टाकली आणि पडल्या पडल्या घोरायला लागलात. अगदी त्यांच्यासारखं. आधी करवत, मग जरा दम, मग शिट्टी. मी मनात म्हटलं, घराण्याचं नाक आहे. आणि एकदम सकाळच झाली.

तुम्ही होतात तोवर मी पोटभर जेवले. दूधवाल्याशी भांडले नाही, तर तो बिचारा सुनेला विचारून गेला, आजींची तब्येत बरी आहे ना.

तुम्ही रोज विचारायचात, माझ्या घोरण्यानं झोपमोड होते का. मी म्हणायचे, मेलेला माणूस उठेल. ते तुम्ही मनाला लावून घेतलंत आणि पट्टी निघताच लेकाकडे पळालात. इतकी वर्षं माझे टोमणे ऐकलेत, त्यातला हाच खरा वाटला?

परवा नातीनं मोबाइलवर कुणाचं तरी घोरणं लावून दिलं. मी म्हटलं बंद कर, या वयात परक्या पुरुषाचं घोरणं खोलीत नको. सून हसून हसून खाली बसली.

खाट उन्हात टाकून झटकून ठेवली आहे. लेकाला सांगा, भावजयीनं बोलावलंय. कशाला, ते सांगू नका.

आणि मेलेला माणूस उठेल म्हणाले, ते काही खोटं नव्हतं. रोज उठत होता. म्हणून तर मी झोपत होते.

नाकासकट या.

तुमच्या भावाची बायको