तुम्ही उतरवून दिलेलं रबर

सर, तीन महिन्यांपूर्वी मी माझ्या टेबल टेनिसच्या बॅटीवरचं रबर बदललं आणि त्यासाठी कुणाचीही परवानगी घेतली नाही. वय चोपन्न. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी दुकानदाराला फोन लावताना माझा आवाज आपोआप खाली गेला. जणू तुम्ही हॉलच्या दारात खुर्ची टाकून बसलायत आणि आता हात पुढे करून म्हणाल, "आण बघू हिकडं. काय चिकटवलंयस?" तर सांगून टाकते. हायब्रिड चिकटवलंय. वरचा पापुद्रा चिनी धाटणीचा, चिकट, चेंडूला धरून गरगरवणारा. खालचा स्पंज युरोपी धाटणीचा, जोरात मारलं की उसळी देणारा. चेंडू फिरवून हल्ला करणाऱ्यांचं रबर आहे हे. समोरून फटका आला की बॅट नुसती आडवी धरायची, चेंडू आपोआप परत जातो, त्याला तुम्ही ब्लॉक म्हणायचात आणि आयुष्यभर माझ्याकडून तोच करून घेतलात. त्यासाठी हे रबर नाही.

विश्रामबागेतला तो पत्र्याचा हॉल, दोन टेबलं, आणि मिलिटरीतून सुटून आलेले तुम्ही. पाटणकडची बोली, कडक इस्त्री, खिशात शिट्टी. मे महिन्यात तुमचा एक ठरलेला कार्यक्रम असायचा. राज्य स्पर्धेला जाणाऱ्या मुलांसाठी पुण्याहून नवी रबरं यायची. मग त्यांच्या बॅटींवरची जुनी रबरं तुम्ही कडेपासून अलगद सोलून काढायचात, ओल्या फडक्यानं पुसायचात, कात्रीनं कातरायचात आणि सायकलच्या दुकानातल्या पंक्चरच्या सोल्युशननं आम्हा मुलींच्या बॅटींवर चिकटवायचात. किती मन लावून करायचात ते! एक फुगा राहू द्यायचा नाहीत. वरून वर्तमानपत्र गुंडाळून, विटा ठेवून रात्रभर दाबून ठेवायचात. दुसऱ्या दिवशी ती बॅट हातात आली की आम्हाला दिवाळी. मुलांनी वर्षभर घासून घासून गुळगुळीत केलेलं रबर होतं ते. चेंडू त्यावरून काचेवरून घसरावा तसा घसरायचा. पण नवं रबर कसं असतं हे आमच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं, त्यामुळे तक्रार करायची कशाची?

साताऱ्याची ती आंतरशालेय मॅच मला अजून दिसते. मी चौदा वर्षांची आहे, तिसरा गेम चाललाय, आणि मला वाटतं की आता मुलांसारखा खालून वर हात फिरवून टॉपस्पिन मारावा. मारते. चेंडू नेटमध्ये. परत मारते. परत नेटमध्ये. गेम संपल्यावर तुम्ही मला बाजूला घेता. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलता, "आगं, तुला मारायला कुणी सांगितलं? तुजा हात ब्लॉकचा हाय. ज्याचा हात जसा, त्यानं तसं खेळावं." मी म्हणते, "सर, मला जमंल." तुम्ही म्हणता, "न्हाई जमायचं. चाळीस वर्सं हात बगतोय मी." ती मॅच मी ब्लॉक करत जिंकले. तुम्ही पाठीवर थाप मारलीत, बसस्टँडवर कंदी पेढे घेऊन दिलेत, आणि परतीच्या एस्टीत सगळ्यांना सांगत आलात, "ही आमची भिंत हाय, भिंत." मला फार अभिमान वाटला होता. जवळजवळ चाळीस वर्षं मी ते नाव मिरवलं. वर्तमानपत्राच्या नोकरीत संध्याकाळच्या घाईतून वेळ काढून खेळत राहिले, आणि कुणी सुचवलंच तर म्हणायचे, नाही हो, माझा हात ब्लॉकचा आहे.

या वर्षी संक्रांतीनंतर आमच्या खेळायच्या ग्रुपमधल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी आपली हायब्रिड रबराची बॅट माझ्या हातात दिली. "आवं, एकदा मारून तर बघा." मी उगाच चेंडू रबरावर दाबला आणि बॅट उलटी केली. चेंडू क्षणभर तसाच चिकटून राहिला, मग पडला. मी चार-पाच वेळा तेच करत बसले. बाई हसायला लागल्या, "मारणार हाय का नुसतं चिकटवत बसणार?" मग मारलं. साताऱ्यात मारला होता तसाच, खालून वर. चेंडू नेटवरून कमानीत गेला, टेबलावर पडला आणि पुढे झेपावला. बाईंच्या हातातल्या माझ्या बॅटीला लागून तो छताकडे उडाला.

सर, माझा हात ब्लॉकचा नव्हता. ते रबर ब्लॉकचं होतं. दुसऱ्यांनी घासून संपवलेलं रबर तुम्ही आम्हाला दिलंत, त्यावर फिरकी निघेना, आणि तुम्ही दोष हाताला दिलात. चाळीस वर्षं हात बघणाऱ्या माणसानं एकदा बॅटही उलटी करून बघायला हवी होती. नवी रबरं दोन-चारच यायची, मान्य. ती कुणाला द्यायची हे तुम्हालाच ठरवावं लागायचं, तेही मान्य. पण मग सांगायचं होतं, की पोरींनो, तुम्हाला उतरवलेलं मिळालंय. आम्ही समजून घेतलं असतं. तुम्ही त्याचा स्वभाव करून टाकलात, आमचा स्वभाव.

दुकानदारही तुमच्याच वळणाचा निघाला. "मॅडम, या वयात मऊ रबर घ्या. हायब्रिड जड असतं, मनगट भरून येतं. ब्लॉकला मऊच बरं." मी म्हटलं, मला ब्लॉक करायचाच नाही. नवरा पलूसकडचा, तो पेपरमागून म्हणाला, "आता कुणाला हरवायचंय गं?" मी म्हटलं, सरांना. "ते कवाच गेले की." म्हटलं, म्हणूनच, आता मध्ये बोलणार नाहीत.

पहिले दोन आठवडे हाल झाले, हे लपवत नाही. हे रबर अर्ध्या मनानं मारणाऱ्याला काही देत नाही. नुसती बॅट धरली तर चेंडू मेल्यासारखा खाली पडतो. जुन्या सवयीनं हात आखडला की नेट. खांदा, कंबर, पाय, सगळं त्यात घालावं लागतं, तेव्हा स्पंज जागा होतो. मनगट खरंच भरून आलं. पातळ स्पंजाचं बदलून घ्या, असं बाईही म्हणाल्या. मी जाड स्पंजच ठेवला आणि गरम पाण्यात हात बुडवून बसले.

गेल्या रविवारी साताऱ्यात पन्नाशीवरच्या बायकांची स्पर्धा होती. दुसऱ्या फेरीत कराडची एक डावखुरी समोर आली. पाचव्या गेमपर्यंत मी मारत राहिले, चेंडू नेटमध्ये गेले, बाहेर गेले, तरी मारत राहिले. नऊ-नऊ झाले. मग दहा-दहा. शेवटचे दोन्ही चेंडू मी मारले आणि दोन्ही टेबलाबाहेर गेले. हरले. तुम्ही म्हणाला असतात, बग, सांगितलं व्हतं. सांगा. भिंत होऊन जिंकण्यापेक्षा मारून हरलेली ती मॅच मला जास्त माझी वाटते. पुढच्या वेळीही असंच खेळणार.

तुमचा मुलगा अजून तुमच्याच घरात राहतो. हे पत्र त्याच्या हाती देता आलं असतं, पण देणार नाही. तो सज्जन आहे, वाचून कसनुसा होईल. शिवाय यात एक गोष्ट आहे, ती त्याला कळायला नको. नऊ-नऊवर कराडच्या त्या डावखुरीनं सगळी ताकद लावून चेंडू माझ्या अंगावर मारला. विचार करायला वेळच नव्हता. हात आपोआप आडवा झाला आणि चेंडू तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर जाऊन पडला. तो पॉइंट मिळाल्याबरोबर मी वळून मागं पाहिलं, तुम्ही बघितलंत का म्हणून.