आधी तू जेव

घोलवड, १२ जानेवारी २०१८

योगिता, तुला ताईचा आशीर्वाद. मी बरी आहे, हे आधी सांगते. फोनवर सासूबाई कान लावून बसतात, म्हणून पत्र लिहितेय.

सोमवारी साखरेवरची गोळी घेतली, सासूबाईंच्या पायाची जखम धुतली, सगळ्यांना वाढलं. माझी भाकर पाहुण्याच्या ताटात गेली. तशीच वाडीत चिकू निवडायला गेले. तिथे घाम फुटला, हातपाय कापायला लागले. ढिगातला चिकू तोंडाजवळ नेला, तर नणंदेने हिसकावला. "तुला साखर आहे ना? मरायचंय का?"

पडले तरी कुणी फोडभर चिकू देईना. शेवटी दवाखान्यात नेलं. साखर फार उतरलीय म्हणत डॉक्टरांनी साखरपाणी पाजलं आणि विचारलं, "जेवली नव्हती?" तुझे भाऊजी हसून म्हणाले, "आमच्याकडे सून शेवटी जेवते."

जखमेचा पू पुसतानाही कधी आली नाही, एवढी किळस त्या हसण्याची आली.

आईचा गुडघा कसा आहे? तुलाही साखर निघाली, असं आपला भाऊ उमेश म्हणाला. गोळी घेतलीस की आधी तू जेव, मग बाकीच्यांना वाढ.

मी आता तेच करते. सासूबाई तीन दिवस बोलल्या नाहीत. पाय मात्र रोज पुढे करतात.

तुझी, पहिल्या पंगतीला बसणारी,
दक्षाताई