कोऱ्या जागेवरचा पिवळा पट्टा

सोमवार, ३ मार्च
नवी नोकरी, आणि खुर्ची चक्क खिडकीशी! रुग्णालयातली कागदपत्रांची खोली. इथल्या काकांचं सगळं आयुष्य फायलींत गेलं. मला पाहून म्हणाले, यंत्राला डोळे आहेत ताई, अक्कल तेवढी तुम्ही घाला. काम तेच. स्कॅन केलेला कागद कसला आहे, ते सॉफ्टवेअरला खुणेच्या शब्दांवरून ओळखायला शिकवायचं. ‘घरी सोडले’ दिसलं की कागद सुट्टीच्या कप्प्यात, ‘मृत घोषित’ दिसलं की मृत्यूच्या. सापडलेल्या शब्दांवर पिवळा पट्टा उमटतो. लेकीला सांगितलं तर चिऊ म्हणाली, तू माझ्या तोंडाकडे बघून हेच करतेस की!

बुधवार, ५ मार्च
एक कागद चुकला. पाय मोडलेल्या एका सुताराचा केसपेपर, अजून अर्धा कोरा, थेट मृत्यूच्या कप्प्यात. पट्टा कोऱ्या जागेवर. स्कॅनरची काच पुसली, शब्द तपासले. काका हसले, तुमच्या आधीच्या बाईही काच पुसतच बसायच्या म्हणाले.

शुक्रवार, ७ मार्च
सुतार गेला. केसपेपर परत आला. ‘मृत घोषित’ ही डॉक्टरांची ओळ नेमकी त्या पट्ट्याच्या जागी. पट्टी लावून मोजलं. काका म्हणाले, योगायोग. पण चहाचा पेला त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

मंगळवार, ११ मार्च
चाचणीला रुग्णांचे कागद वापरायचे नाहीत, असा इथला नियम. हस्ताक्षराचा नमुना हवा होता म्हणून पर्समधली चिऊची चिठ्ठी लावली. ‘आई, मावशीकडे जाते. गुरुवारी येते. रुसू नकोस.’
मृत्यूचा कप्पा.
पट्टा तिच्या सहीखाली. तिथे काहीच लिहिलेलं नाही.

बुधवार, १२ मार्च
सॉफ्टवेअरमधून ‘मृत घोषित’ ही खूणच काढून टाकली. पुन्हा तेच. बहिणीला फोन केला. चिऊ मजेत आहे, तूच डोकं फिरवून घेऊ नकोस, म्हणाली. चिठ्ठी जाळू का, विचारलं काकांना. हळूच म्हणाले, आधीच्या बाईंनी नवऱ्याचा कागद जाळला होता. उपयोग नाही झाला.
पण कोरी जागाच उरली नाही तर?

गुरुवार, १३ मार्च, दुपार
चिठ्ठी भरली. मावशीने घरी सोडले. मावशीने घरी सोडले. कडेकडेने, मागेपुढे, नखाएवढी जागा ठेवली नाही.
स्कॅन केली — सुट्टीचा कप्पा!
काकांसमोर रडले. मग मनात पाल चुकचुकली. ही वही काचेवर ठेवली —

गुरुवार, संध्याकाळ
मृत्यूचा कप्पा. पट्टा याच पानावर. तळाच्या चार कोऱ्या ओळींवर. कुणासाठी, ते सांगत नाही. म्हणून लिहितेय, घरी, दाराकडे पाठ करून. कोरं काही उरायला नको —
बहिणीचा फोन. चिऊला खाली सोडून ती निघालीसुद्धा. मग वर का नाही आली अजून —
जिन्यात पावलं. चिऊचीच. आई, दार उघड म्हणतेय. उठले तर ओळ राहील —
पुन्हा हाक. चिडलीय. नाही, घाबरलीय — चिऊ, थांब गं बाळा, एवढी एकच ओळ, आले, ही बघ आले, एव